शिलारसाचे घटक आणि ज्वालामुखीचा घाट

बदलापूरच्या पश्चिम भागातील मांजर्लीहून क्षितिजाकडे पाहिले असता एका अंगास मलंगगडाचा उभा सुळका आणि दुसऱ्या अंगास चंदेरी, नवरा-नवरी यांची दातेरी रांग नजरेत भरते, आणि हे शंकूसारखे डोंगर म्हणजे एके काळी आग ओकणारे व आता निवालेले ज्वालामुखीच होत, अशी समजूत या भागात बरीच रूढ आहे. या समजुतीचा अर्धा भाग खरा आहे. डोंगरांचा दगड निःसंशय ज्वालामुखीजन्य आहे. मात्र त्यांचा आकार ज्वालामुखीने दिलेला नसून, लाव्ह्याचे आडवे थर एकावर एक साचल्यानंतर कोट्यवधी वर्षे पावसाने आणि नद्यांनी ते कोरून काढल्यामुळे तो सिद्ध झाला आहे. कोणत्याही स्वच्छ हिवाळी सकाळी चंदेरीच्या कड्यावरील आडव्या रेघा पाहिल्या, की एका मुखाभोवती साठलेल्या राखेचा उतरता ढीग हा नव्हे, हे सहज पटते.

मग ज्या ज्वालामुखीने हा दगड ओकला तो स्वतः कसा दिसत होता, आणि त्याचा घाट त्याच्या लाव्ह्याच्या रासायनिक घटनेने ठरविला होता काय, हा प्रश्न उरतो. लाव्ह्याची घटना आणि ज्वालामुखीचे स्वरूप यांच्या संबंधाविषयी गेल्या पावणेदोनशे वर्षांत जो विचार झाला, त्याचा आढावा महाराष्ट्रातील वाचकाने आपल्याच पायाखालच्या खडकाच्या आधारे घ्यावा, हे मला सर्वथा उचित वाटते. कारण राज्याच्या सुमारे चार-पंचमांश भूमीखाली हाच खडक पसरलेला आहे आणि या वादातील काही कळीचे मुद्दे येथेच अडकून पडले आहेत.

पूर्वपीठिका

जर्मन रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बुन्सेन याने आइसलंडच्या प्रवासानंतर १८५१ साली असे प्रतिपादन केले, की पृथ्वीच्या पोटात मुळातच दोन प्रकारचे शिलारस असून, एक सिलिकाने समृद्ध व दुसरा सिलिकाने दरिद्री आहे, आणि मधले सर्व खडक या दोहोंच्या मिश्रणाने होतात. पुढे १९०२ साली मार्टिनिक बेटावरील पेले पर्वताचा स्फोट होऊन सेंट पिएर हे शहर सुमारे २८,००० जीवांसह काही मिनिटांत भस्मसात झाले, आणि त्या उत्पाताच्या तपासासाठी गेलेल्या आल्फ्रेद लाक्र्वा या फ्रेंच भूवैज्ञानिकाने उद्रेकांची हवाईयन, स्ट्राँबोलियन, व्हल्केनियन आणि पेलियन अशी प्रतवारी लावली. ती आजही पाठ्यपुस्तकांतून कायम आहे. तिसरा टप्पा शिलाशास्त्रज्ञ एन. एल. बोवेन यांचा. त्यांनी १९२८ च्या आपल्या ग्रंथात असा सिद्धान्त मांडला, की बेसाल्टी शिलारस हळूहळू निवत असता त्यातून ऑलिव्हीन, पायरॉक्सीन यांसारखे लोह व मॅग्नेशियमयुक्त स्फटिक आधी वेगळे होतात आणि शेष रस उत्तरोत्तर सिलिकायुक्त होत जातो. म्हणजे दोन मूळ रसांची कल्पना करण्याचे कारण उरत नाही.

या तिन्ही टप्प्यांतून जो सर्वमान्य पक्ष तयार झाला, तो थोडक्यात असा. सिलिकाचे अणुसमूह द्रवरूपातही एकमेकांशी साखळ्यांनी व जाळ्यांनी जोडलेले राहतात, आणि रसात सिलिका जितकी अधिक तितके हे जाळे अधिक दाट होऊन त्याची श्यानता, म्हणजे वाहण्यास होणारा अटकाव, वाढते. वजनाने ४५ ते ५२ टक्के सिलिका असलेला बेसाल्ट ११०० ते १२०० अंश सेल्सिअस तपमानाला बाहेर पडतो आणि पाण्याच्या दहा हजार ते लाखपट घट्ट असतो. म्हणजे साधारण कढत काकवीसारखा ओघळतो. सुमारे ५२ ते ६३ टक्क्यांच्या दरम्यानचा अँडेसाइट याहून मंद, आणि सत्तर टक्क्यांच्या वर गेलेला रायोलाइट ७०० ते ८५० अंशांइतक्या कमी तपमानाला बाहेर येत असल्याने पाण्याच्या अब्जावधीपट चिवट असतो. त्यातच पाण्याच्या वाफेसारखे वायू बेसाल्टात बहुधा एक टक्क्याच्या आतबाहेर, तर रायोलाइटात चार ते सहा टक्क्यांपर्यंत विरघळलेले असतात. पातळ रसातून वायू सहज निसटतात, चिवट रसात ते कोंडले जातात, आणि दाब असह्य झाला म्हणजे सारा रस चूर्ण होऊन राखेच्या रूपाने आकाशात उडतो.

यावरून ज्वालामुखींची वर्गवारी आपोआपच लागते. बेसाल्टापासून हवाई बेटांतील माउना लोआसारखे, मंद उताराचे व अवाढव्य विस्ताराचे ढाल-ज्वालामुखी. अँडेसाइटापासून लाव्हा व राख यांच्या आळीपाळीने बनलेले, मेरापीसारखे उंच स्तरित शंकू. आणि रायोलाइटापासून एक तर बुटके घुमट, नाहीतर टोबासारखी प्रचंड महाकुंडे. सुमात्रातील टोबाचा महास्फोट सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीचा. त्याची काचमय राख भारतात अनेक नद्यांच्या गाळात सापडते. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीकाठी बोरी येथे अश्मयुगीन हत्यारांच्या सान्निध्यात मिळालेली राख टोबाचीच, याविषयी फारसा मतभेद नाही. ती टोबाच्या शेवटच्या स्फोटाची की कित्येक लक्ष वर्षे जुन्या स्फोटाची, याचा निकाल मात्र पुरातत्त्वज्ञ व कालमापनतज्ज्ञ यांच्यात दीर्घकाळ लागलेला नाही. काळ्या बेसाल्टाच्या या मुलखात रायोलाइटी राखेचा एवढा सुबक थर समुद्रापलीकडून उडत यावा, हे चिवट शिलारसाच्या सामर्थ्याचे प्रमाण म्हणून पुरेसे आहे.

सिद्धान्ताला घातलेली मर्यादा

वरील पक्ष खोटा आहे असे आज कोणी म्हणत नाही. तो पुरेसा आहे काय, एवढाच वाद आहे. आक्षेपकांचा पहिला दाखला फुजी पर्वताचा. पाठ्यपुस्तकांत स्तरित शंकूचे जे चित्र छापतात ते बहुधा त्याचेच असते. पण फुजीचा बहुतांश दगड अँडेसाइट नसून बेसाल्ट आहे. दुसरा दाखला न्यूझीलंडमधील तारावेराचा. १८८६ साली तेथे शुद्ध बेसाल्टाचा असा भीषण स्फोट झाला, की तो एरवी केवळ सिलिकायुक्त रसाकडूनच अपेक्षित धरतात. याच्या उलट चिलीमधील चैतेन येथे २००८ साली रायोलाइट बाहेर आला, तेव्हा आरंभीचा स्फोट ओसरल्यावर तोच रस मुकाट्याने ओघळून घुमट बांधीत राहिला. रासायनिक घटना तीच असता एकदा स्फोट आणि एकदा ओघ हे कसे, याचे उत्तर वायू कोणत्या गतीने बाहेर पडला आणि रस किती वेगाने वर चढला यांत शोधावे लागते.

या आक्षेपाला सर्वांत नेटके रूप जॉर्ज वॉकर या इंग्रज ज्वालामुखीशास्त्रज्ञाने दिले. दख्खनच्या लाव्ह्यांचे त्याने प्रत्यक्ष निरीक्षण केले होते, आणि १९७१ साली त्याने ओघांची ‘साधे’ (एकसंध) व ‘संयुक्त’ (अनेक लहान पदरांचे) अशी विभागणी मांडली. पुढे १९७३ मध्ये अनेक देशांतील ओघांच्या लांबीचा तपशील गोळा करून त्याने असे सुचविले, की ओघ किती दूर जाईल हे त्याच्या श्यानतेपेक्षा, तो कोणत्या दराने बाहेर पडतो यावर अधिक अवलंबून असते. माझ्या मते या वादातील हे सर्वांत मोलाचे वळण होय, कारण येथून पुढे प्रश्न ‘कोणता रस?’ एवढ्यावर न थांबता ‘किती रस, किती वेळात, कोणत्या मुखाने?’ असा विस्तारला.

दख्खनचा पुरावा

विल्यम साइक्सने १८३३ मध्ये दख्खनच्या या थरांचे भूवैज्ञानिक वर्णन प्रसिद्ध केले, पुढे ब्लॅन्फर्डने तापी-नर्मदेच्या खोऱ्यांत त्यांचा मागोवा घेतला, आणि १९२२ साली हेन्री वॉशिंग्टन या अमेरिकन शिलाशास्त्रज्ञाने त्यांच्या विश्लेषणावरून असा निर्वाळा दिला, की जगातील इतर बेसाल्टी पठारांप्रमाणेच दख्खनचा बहुतेक खडक एका ठरावीक घटनेचा आहे. सिलिका अठ्ठेचाळीस ते बावन्न टक्के, लोह भरपूर, पोटॅशियम अल्प. सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूमीवर आज हा खडक उभा आहे. त्याचे वय सहा कोटी साठ लक्ष वर्षांच्या आसपासचे आहे, आणि त्यातील मोठा भाग दहा लक्ष वर्षांहूनही कमी काळात बाहेर पडला, असे अलीकडील कालमापने सांगतात. कोयनेच्या भूकंपक्षेत्रात घेतलेल्या खोल विवरात ९३२.५ मीटर बेसाल्ट ओलांडल्यावर ग्रॅनाइटी पाया लागला, तर किल्लारीच्या विवरात तो ३३८ मीटरांवरच संपला. यावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे थर कसे पातळ होत गेले याचा अदमास येतो.

एवढा खडक एकाच प्रकारचा असूनही त्यातून माउना लोआसारखा डोंगर का उभा राहिला नाही, हाच या प्रकरणातील गाभा आहे. त्याचे उत्तर शोधताना एकेका ओघाची रचना बारकाईने पाहावी लागते. नेरळ-कर्जत बाजूच्या एखाद्या खाणीच्या वा रेल्वेच्या कापातील उभ्या भिंतीपाशी उभे राहिले, तर ओघाच्या तळाशी बोटाएवढ्या उभ्या नळ्यांच्या आकाराची पोकळ छिद्रे दिसतात. त्यावर घट्ट, काळा, छिद्रहीन पाषाण. आणि वर पुन्हा छिद्रांचे आडवे पट्टे, जे खालून वर जाताना अधिकाधिक दाट व बारीक होत जातात. ही छिद्रे कालांतराने पांढऱ्या झिओलाइट खनिजांनी आणि हिरव्या मातकट द्रव्याने भरली गेली. विहीर खणणारे या ठिपकेदार थरास मांजऱ्या म्हणतात, आणि काळ्या पाषाणापेक्षा या थरात पाणी लागण्याची आशा अधिक, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक आहे. दोन ओघांच्या मध्ये कधी तांबड्या मातीचा पट्टा आढळतो. तो दोन उद्रेकांतील विश्रांतीचा दस्तऐवज होय. 

छिद्रांच्या या पट्ट्यांना शास्त्रात मोठे महत्त्व आले आहे. अमेरिकेतील कोलंबिया नदीच्या बेसाल्टाचा अभ्यास करून शॉ आणि स्वॅन्सन यांनी १९७० मध्ये असे मत मांडले होते, की असे महाओघ खवळलेल्या पुराप्रमाणे काही दिवसांत वा आठवड्यांत शेकडो किलोमीटर पसरले असले पाहिजेत. नव्वदीच्या दशकात हवाईतील जिवंत ओघांवरून स्टीफन सेल्फ, थॉर्व्हाल्डूर थॉर्डारसन आणि त्यांचे सहकारी यांनी याच्या नेमका विरुद्ध पक्ष मांडला. त्यांच्या मते लाव्ह्यावर आधी पातळ कवच धरते, आतून नवा रस येत राहतो, कवच हळूहळू वर उचलले जाते, आणि या आच्छादनाखाली उष्णता टिकल्यामुळे रस सावकाश, कित्येक वर्षे वाहत दूरवर जातो. पुण्याच्या निनाद बोंद्रे, रेमंड दुराईस्वामी आणि गौरी डोळे यांनी पश्चिम दख्खनातील ओघांत अशा फुगण्याच्या खुणा, म्हणजे कवचावरील उंचवटे, चिरांतून वर पिळून आलेला रस आणि छिद्रांचे थर, नोंदवून हा दुसरा पक्ष आपल्या भूमीपुरता पुष्कळ बळकट केला. तरीही सर्वच ओघ असेच वाहिले असे नाही. वरच्या थरांत अनेक ठिकाणी माथा मोडक्या-तोडक्या खडीने भरलेला आढळतो. तेथे रस अधिक वेगाने आला असावा आणि त्याने आपलेच कवच फोडले असावे, असे हेच अभ्यासक मानतात.

या ठिकाणी रासायनिक घटनेचे महत्त्व पुन्हा डोके वर काढते, पण वेगळ्या नात्याने. १९८० च्या दशकात जॉन माहोनी, कीथ कॉक्स, पीटर हूपर, के. व्ही. सुब्बाराव प्रभृतींनी सह्याद्रीच्या कड्यांतील ओघांचे सूक्ष्म रासायनिक विश्लेषण करून त्यांची क्रमवार विभागणी केली. त्यातील नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा ही नावे कल्याणहून पुण्याकडे जाणाऱ्या प्रवाशास परिचयाची आहेत. सिलिकेचे प्रमाण जवळजवळ सारखेच असले, तरी टायटॅनियम, बेरियम आणि स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांचे प्रमाण थराथराने बदलते; बुशे थरातील रसाने वर येताना भूकवचाचा बराच अंश आपल्यात मिसळून घेतला, तर आंबेनळी थराचा रस बहुतांशी निर्भेळ राहिला. म्हणजे रसायन येथे ज्वालामुखीचा आकार सांगत नाही, पण कोणता ओघ कोणत्या कुळातला, हे मात्र सांगते. या रासायनिक क्रमवारीवरही आक्षेप आहेत: प्रत्यक्ष नकाशावर ओघ पायी माग काढून जोडले, तर काही ठिकाणी रसायनाने आखलेली हद्द त्यांच्याशी जुळत नाही, असे महाराष्ट्रातीलच काही भूवैज्ञानिकांचे म्हणणे आहे.

मुखे कोठे होती

पूर्वापार मत असे, की दख्खनचा लाव्हा एखाद्या पर्वतमुखातून न येता जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून आला. आइसलंडमधील लाकी येथे १७८३-८४ मध्ये २७ किलोमीटर लांबीच्या भेगेतून सुमारे १५ घन किलोमीटर लाव्हा वाहिल्याचे उदाहरण या मताला नेहमीच आधार देत आले आहे. जे. बी. ऑडन यांनी १९४९ मध्ये पश्चिम भारतातील भित्तींचा, म्हणजे भेगांत गोठून उभ्या राहिलेल्या बेसाल्टी भिंतींचा, सविस्तर परामर्श घेतला आणि पनवेलच्या परिसरातील थर समुद्राकडे कसे वाकले आहेत, तेही दाखवून दिले. नर्मदा-तापीच्या खोऱ्यात, नाशिक-पुणे भागात आणि कोकणपट्टीत अशा भित्तींचे तीन मोठे समूह आहेत. नंदुरबार-धुळे भागातील एक भित्ती तर ७९ किलोमीटर लांब मोजली गेली आहे.

दुसरा पक्ष केंद्रीय ज्वालामुखींचा. सह्याद्रीच्या उत्तर भागातील थर इगतपुरी-नाशिकच्या आसपास जाड व दक्षिणेकडे कललेले आढळल्यावरून १९८६ मध्ये बीन आणि सहकाऱ्यांनी तेथे एक विशाल, सपाट ढाल-ज्वालामुखी होता असे अनुमान केले. खालच्या थरांत, आणि त्यात आपल्या नेरळ-ठाकूरवाडीचाही समावेश होतो, संयुक्त ओघ अधिक आढळतात, वरच्या थरांत साधे अधिक. त्यामुळे आधी लहान-लहान ढाली एकमेकींत मिसळत गेल्या आणि नंतर मोठ्या भेगा उघडल्या, असा मध्यम मार्गही काहींना पसंत आहे. आय.आय.टी. मुंबईचे हेतू शेठ यांच्यासह अनेकांनी भित्तींचे रसायन ओघांच्या रसायनाशी ताडून पाहिले, आणि वँडरक्लायसेन व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवून दिले, की वरच्या ओघांना रस पुरविणाऱ्या भित्ती नाशिक-पुणे व किनारपट्टी या भागांत असून त्यांची दिशा एकसारखी नाही. भूकवच एका दिशेने ताणले जात असते तर त्या समांतर असत्या. भेगांचे मत यामुळे बाधित होत नाही, परंतु भूकवच फाटल्यामुळेच लाव्हा आला, ही सोपी कल्पना अडचणीत येते. शिवाय मेंटलमधून रेयुनियनच्या उष्ण स्तंभाने हा रस वर आणला, की भूपट्टाच्या ताणामुळे तो उपलब्ध झाला, हा जुना वादही याच प्रश्नाशी निगडित आहे. त्याचा स्वतंत्र आढावा घ्यावा लागेल.

मुंबईचा अपवाद

बेसाल्टाच्या या साम्राज्यात मुंबई हा अपवाद आहे. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी स्तंभाकार बेसाल्टाची. पण मनोरी व साकीनाका येथे ट्रॅकाइट, उत्तनजवळच्या डोंगरी येथे रायोलाइट, आणि कान्हेरीची लेणी ज्यात कोरली तो स्फोटजन्य तुकड्यांचा दगड, हे सर्व चिवट व स्फोटक रसाचे पुरावे आहेत. सेंट झेवियर्स महाविद्यालयातील रु. ना. सुखेशवाला यांनी पोल्डरव्हार्ट यांच्यासह १९५८ मध्ये मुंबईच्या बेसाल्टांचा आणि पुढे सेठना व बत्तीवाला यांनी साष्टीच्या आम्ल, म्हणजे सिलिकासमृद्ध, खडकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २००१ मध्ये शेठ, पांडे आणि भुतानी यांनी मनोरी व साकीनाक्याच्या ट्रॅकाइटांचे वय सुमारे सहा कोटी ते सहा कोटी वीस लक्ष वर्षे ठरविले. म्हणजे सह्याद्रीचे मुख्य उद्रेक थांबल्यानंतरही मुंबईत अग्निकार्य चालू होते. हा सिलिकायुक्त रस बोवेनच्या सिद्धान्ताप्रमाणे बेसाल्ट निवून उरला, की बेसाल्टाच्या उष्णतेने भूकवचच वितळले, यावर दोन्ही पक्षांस काही अनुकूल व काही प्रतिकूल पुरावा आहे. मध्यम सिलिकेचे खडक फारच थोडे सापडतात, ही गोष्ट केवळ निवण्याच्या मताला जड जाते.

जे अद्याप निर्णीत नाही

२०१९ साली एकाच नियतकालिकात दोन कालमापने प्रसिद्ध झाली. शोएन व सहकाऱ्यांच्या मते दख्खनचा लाव्हा चार मोठ्या झटक्यांत आला. स्प्रेन व सहकाऱ्यांच्या मते तो बराचसा अखंड येत राहिला आणि त्याचा मोठा भाग डायनोसॉरांच्या अस्तानंतर बाहेर पडला. ओघांचा दर हा आकाराचा प्रमुख नियंता, असे वॉकरचे म्हणणे मान्य केले, तर हा तंटा केवळ काळाचा उरत नाही. झटक्यांनी आलेला लाव्हा आणि संथपणे आलेला लाव्हा यांनी निरनिराळ्या घाटाचे ज्वालामुखी रचले असतील. नेरळ आणि ठाकूरवाडी थरांच्या ओघांना रस पुरविणारी मुखे नेमकी कोणती, याचाही पक्का हवाला अजून मिळायचा आहे, कारण भित्तींचे बहुतेक रासायनिक मेळ वरच्या थरांशीच जमले आहेत. आणि पश्चिमेस, जेथे थर समुद्राकडे वाकून नाहीसे होतात, तेथे या ज्वालामुखी प्रदेशाचा एक मोठा हिस्सा अरबी समुद्राखाली आहे. सुमारे सहा कोटी तीस लक्ष वर्षांपूर्वी भारतापासून विलग झालेल्या सेशेल्स बेटांवर मुंबईशी नाते सांगणारे त्याच काळाचे आम्ल खडक आढळतात. मुंबई आणि सेशेल्स या दोन तुकड्यांचे रसायन व वय काटेकोर ताडून झाल्याखेरीज, दख्खनच्या पश्चिम कडेला चिवट रसाचा एखादा केंद्रीय ज्वालामुखी खरोखर उभा होता की नाही, हे ठामपणे सांगता येणार नाही.